पहिली फेरी कुणीही मारतो: गावच्या पक्षसमितीत नव्याने येणाऱ्यांसाठी

अकरा वर्षांपूर्वी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात पक्षाच्या समितीवर माझे नाव घातले. गळ्यात उपरणे घातले, फोटो काढला, मतदारयादीची झेरॉक्स हातात दिली आणि 'आता कामाला लाग' म्हणून पाठीवर थाप मारली. काम म्हणजे नेमके काय, ते कुणी सांगितले नाही. पुढची दोन वर्षे मी चुका करत शिकलो. त्यातल्या काही चुकांचा त्रास वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, माणसांना झाला, आणि ते मला अजून लागते. म्हणून हे लिहितो आहे. पक्ष कोणता ते सांगत नाही, कारण खालचे काम सगळ्या पक्षांत सारखेच असते.

एक गोष्ट आधी सांगतो. घरोघरी पहिली फेरी कुणीही मारतो. निवडणूक लागली की अनोळखी माणसेसुद्धा उंबऱ्यापर्यंत येतात. समितीची खरी ओळख दुसऱ्या फेरीत होते. पहिल्या वेळी घरच्यांनी जे विचारले, त्याचे उत्तर घेऊन तुम्ही परत गेलात का, हे लोक लक्षात ठेवतात. खालचे सगळे टप्पे त्या दुसऱ्या फेरीसाठी आहेत.

आपल्याकडे या कामाला इतके मोल का, ते आकडे पाहिले की कळते. विधानसभेच्या जागा ४०, आणि एकेका मतदारसंघात साधारण २५ ते ३० हजार मतदार. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला, सांत आंद्रेचा ७६ मतांनी, प्रियोळचा २१३ मतांनी. ७७ मते म्हणजे आमच्या गावातल्या एका वाड्यावरची वीस-बावीस घरे. त्यानंतर आमच्या बैठकीत 'दोन-चार नावे राहिली तर काय बिघडते' असे कुणी म्हटले नाही.

सुरुवातीला जवळ काय हवे

- आपल्या मतदान केंद्राच्या भागाची ताजी मतदारयादी; मिळाली तर २००२ ची जुनी यादीही
- कडक पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, आणि ती पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी
- नमुना ६, ७ आणि ८ चे कोरे अर्ज
- बीएलओ (आपल्या केंद्राची मतदारयादी सांभाळणारा सरकारी माणूस), पंचायत सचिव आणि मामलेदार कचेरीतली निवडणूक शाखा यांचे फोन क्रमांक
- पक्षाचे पावतीपुस्तक आणि तुमच्या नेमणुकीचे पत्र
- दयानंद सामाजिक सुरक्षा, गृह आधार, लाडली लक्ष्मी या योजनांना कोणती कागदपत्रे लागतात त्याची एक पानी यादी
- टॉर्च. आमच्या वाड्यांवर दिव्याचा खांब असतो, पण दिवा असेलच असे नाही.

१. आधी यादी वाचा, मग माणसांकडे जा

नवा कार्यकर्ता पहिल्याच दिवशी घरे फिरायला निघतो. थांबा. दोन संध्याकाळी घरी बसून यादी वाचा, आणि सोबत गावातले एक जाणते माणूस घ्या. रेशन दुकानावर बसणारे, देवळाच्या कमिटीवर असलेले किंवा पूर्वी पोस्टमन असलेले कुणीही चालेल. एका केंद्रावर सहाशे-सातशे नावे असतात. ती एकेक करून मोठ्याने वाचा. 'हा गेला', 'ही लग्न होऊन पेडण्याला गेली', 'हे तिघे भाऊ आता वेगळे राहतात' असे तो सांगत जाईल. पेन्सिलीने खुणा करा. दोन संध्याकाळींत जे कळते ते दोन महिने फिरूनही कळत नाही.

चार गोष्टी शोधायच्या: मयत माणसांची नावे, दोन ठिकाणी असलेली नावे, लग्न होऊन आलेल्या सुना आणि अठरा पूर्ण झालेली मुले. सुनांकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते. डिचोली, सत्तरी, पेडण्यात दोडामार्ग, सावंतवाडी, बेळगावकडच्या सुना कितीतरी आहेत. माहेरचे नाव कमी झालेले नसते, सासरचे चढलेले नसते, आणि पाच-सात वर्षे ती बाई कुठेच मतदान करत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे सगळी मतदारयादी नव्याने पडताळायची मोहीम, सुरू झाले आणि २००२ च्या यादीत स्वतःचे किंवा आईवडिलांचे नाव शोधायची वेळ आली, तेव्हा या सुनांना माहेरच्या यादीचा भाग क्रमांक कुठून मिळणार? आमच्याच वाड्यावरच्या एका सुनेने भावाला फोन करून माहेरच्या शाळेत पाठवले, तिथल्या जुन्या शिक्षकांना केंद्र विचारून घेतले, आणि मग संगणकावर वडिलांचे नाव सापडले. ही मदत समितीने करायची असते.

नावांचे घोळ हा आपल्याकडचा वेगळाच विषय. पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावर 'पोरोबो', शाळेच्या दाखल्यावर 'परब', आणि यादीत तिसरेच काही. एकाच घरात बापाचे आडनाव एका तऱ्हेने लिहिलेले, मुलाचे दुसऱ्या तऱ्हेने. माणूस तोच आहे हे तुम्हाला माहीत असते, पणजीत बसलेल्या अधिकाऱ्याला नसते. अशी घरे वहीत वेगळी लिहून ठेवा.

यादीतला घर क्रमांक आणि वाड्यावरचा घरांचा क्रम जुळत नाही. म्हणून यादी वहीत पुन्हा लिहून काढा, वाड्याप्रमाणे, वाटेच्या क्रमाने, एका घराला एक पान. पानावर नावे, वये, फोन, कोण परगावी आहे, आणि खाली मोकळी जागा. त्या जागेत घरच्यांनी काय विचारले ते तारखेसकट लिहायचे.

वहीत एक गोष्ट कधीही लिहू नका: कोण कुणाला मत देतो. मी लिहीत असे. एका घरापुढे मी 'विरोधी' असा शेरा मारला होता. वही किराणा दुकानाच्या फळीवर विसरलो, आणि त्याच घरातल्या मुलाने ती उघडली. पुढची दोन वर्षे त्या अंगणात मला कुणी 'बस' म्हटले नाही. त्यांचे बरोबर होते. तीन पिढ्या ज्यांच्याकडे आमच्या घरचे गणेशचवथीला जातात, त्यांच्या नावापुढे मी तो शब्द लिहिला होता.

२. वाड्यागणिक एक माणूस

समिती मोठी करू नका. वरून वीस नावे मागतील, कागदावर द्या हवी तर, पण काम करणारी माणसे वाड्याला एक या हिशेबाने शोधा. ज्याच्याकडे लोक आधीच काहीतरी विचारायला जातात, तो आपला माणूस. बोलायला पटाईत असला पाहिजे असे मुळीच नाही. आमच्या वरच्या वाड्यावर एक नळजोडणीची कामे करणारे गृहस्थ आहेत. भाषणाला उभे राहिले तर दोन वाक्ये धड बोलत नाहीत, पण वाड्यावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरापर्यंत त्यांना वाट आहे.

सरकारी नोकरांना यात ओढू नका. गोव्यात जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी सरकारी खात्यात असतो, आणि ओळखीने 'एक दिवस एजंट म्हणून बस' म्हणून गळ घातली जाते. सरकारी नोकराने उमेदवाराचा प्रतिनिधी होणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याची नोकरी तुमच्यामुळे अडचणीत येईल.

स्त्रियांची नावे नुसती कागदावर ठेवू नका. बैठक रात्री नऊला घेतली तर त्या येणार नाहीत हे ठरलेलेच. आम्ही वेळ संध्याकाळी पाचची केली आणि जागा देवळाच्या सभामंडपातून एका घराच्या सोप्यावर आणली. दोघीजणी येत होत्या, त्या सहाजणी झाल्या. पुरुष कार्यकर्ता अंगणात उभा राहून बोलतो, बाई आत जाऊन बोलते. औषधाला पैसे नाहीत, मुलगा दारूत गेला, पेन्शन थांबली हे आतल्या बाजूलाच कळते.

३. पहिली फेरी आणि दुसरी फेरी

वेळ पाळा. दुपारी एक ते चार कुणाच्या दारात जाऊ नका, माणसे पडलेली असतात. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, रविवारी सकाळी ख्रिस्ती घरे मिसाला गेलेली. शिरगावच्या लईराईच्या जत्रेआधी धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रतस्थ असतात, त्या दिवसांत पक्षाचे काही घेऊन जाऊ नये. चवथीच्या आधीचा आठवडाही सोडा. पाच ते साडेसात ही वेळ चांगली.

दोघांनी जायचे, एक त्या वाड्यावरचा आणि एक बाहेरचा. पहिल्या फेरीत पक्षाबद्दल बोलू नका. यादीतली नावे बरोबर आहेत का ते विचारा, नवे कुणी अठराचे झाले का ते विचारा, आणि मग ऐका. ऐकायचे म्हणजे वही उघडून, समोरच्याला दिसेल असे लिहीत.

माझी पहिली फेरी मे महिन्यात होती. वाड्याच्या टोकाला एक म्हातारी पडवीत भिरंडां (रातांबे) फोडत बसली होती. हात मनगटापर्यंत लाल. तिने हात पुसले नाहीत, मान वर केली नाही. सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे चार महिने आले नव्हते, आणि का आले नाहीत ते तिला ठाऊक नव्हते. मी म्हटले, गुरुवारी विचारून येतो. ती म्हणाली, "मागीर येतां म्हणटात सगळे, येना कोणूच." मी हसून निघालो, आणि खरोखरच गुरुवारी गेलो नाही. तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा कळले की वर्षाचा हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. एका कागदाचे काम. ते तीन आठवडे तिने दुकानात उधारी केली होती. तेव्हापासून मी दिलेला वार मोडत नाही.

दुसऱ्या फेरीचे नियम आम्ही समितीत ठरवून घेतले:

- वार सांगायचा तर पाळायचा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन.
- उत्तर 'नाही' असेल तरी जाऊन सांगायचे. रस्ता या वर्षी होत नाही, नोकरी मिळणे शक्य नाही, जमिनीचे प्रकरण कोर्टात आहे आणि आपल्या हातात नाही, हे तोंडावर सांगायचे. लोक त्याने रागावत नाहीत. ताटकळत ठेवल्याने रागावतात.
- काम आमदाराने केले की सचिवाने केले की आपोआप झाले, ते खरे तसे सांगायचे. न केलेल्या कामाचे श्रेय घेतलेले वाड्यावर आठ दिवसांत उघडे पडते.
- अर्ज घरच्याने स्वतः भरावा, आपण शेजारी बसावे. त्यांचे कागद आपल्या घरी आणून ठेवू नयेत.

२०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा आमच्या भागात दारोदार ट्रक ताडपत्री घालून उभे होते. त्या दिवसांत कुणी पत्रक हातात घेत नसे. बँकेच्या हप्त्याचे काय, एवढे एकच विचारत. आमच्याकडे उत्तर नव्हते, तरी आम्ही जात राहिलो, बँकेत कर्जाची मुदत वाढवायचा अर्ज लिहून देत राहिलो. ती घरे अजून आम्हाला आत घेतात.

४. अर्ज भरताना: ६, ७ आणि ८

नमुना ६ नव्या नावासाठी. नमुना ८ पत्ता बदलण्यासाठी, दुरुस्तीसाठी आणि ओळखपत्र हरवले असेल तर. नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा हरकत घेण्यासाठी. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण असावी लागत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेला मुलगा आगाऊ अर्ज देऊ शकतो. म्हणून बारावीच्या वर्गातली मुले आत्ताच वहीत घ्या.

पत्त्याचा पुरावा ही मोठी अडचण. वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली. मुंडकाराचे (कुळाचे) घर भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत. मयेसारख्या गावात तर जमिनीच्या मालकीचाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिलेला. अशा वेळी घाबरून अर्ज टाळू नका. आधार, बँकेचे पासबुक, आईवडिलांच्या नावचे बिल, यातले काही ना काही निघते. काहीच नसेल तर बीएलओने प्रत्यक्ष घरी येऊन पडताळणी करायची असते. तो येईल त्या दिवशी घरात माणूस असावा एवढे तुम्ही बघा. आमचे सगळ्यात जास्त अर्ज नाकारले गेले ते याच कारणाने: बीएलओ आला, घराला कुलूप.

पक्षाच्या वतीने बूथस्तरीय प्रतिनिधी, म्हणजे बीएलए, नेमता येतो. त्याचे नेमणूकपत्र वेळेत द्या. बीएलए एका दिवशी ठराविक संख्येइतकेच अर्ज देऊ शकतो, आणि ते तपासल्याची घोषणा त्याच्या सहीने असते. गठ्ठा साठवून शेवटच्या दिवशी नेऊ नका.

नमुना ७ बद्दल पोटतिडकीने सांगतो. एका वर्षी वरून आमच्याकडे भरलेल्या अर्जांचा गठ्ठा आला, हरकत घेणाऱ्याची सही तेवढी करायची होती. त्यातली तीन घरे मला माहीत होती. माणसे जिवंत, तिथेच राहणारी, फक्त आमच्याबरोबर नसलेली. आम्ही सही केली नाही आणि गठ्ठा परत पाठवला. पक्षात बोलणी खाल्ली. खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि सही तुमची असते, गठ्ठा पाठवणाऱ्याची नसते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेजाऱ्याचा मताचा हक्क काढून घेऊन तुम्ही त्याच वाड्यावर कसे राहणार?

खलाशी आणि परदेशातले गोंयकार यांच्याबद्दल घाई करू नका. बोटीवर आठ-नऊ महिने असणारा माणूस तात्पुरता बाहेर असतो, त्याचे घर इथेच असते. भारतीय पासपोर्टवर परदेशात स्थायिक झालेल्यांना नमुना ६-अ आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्याला इथे मताधिकार राहत नाही, पण तो निर्णय कागद बघून अधिकाऱ्याने करायचा. गावातल्या ऐकीव गोष्टीवरून कुणाच्या नावावर हरकत घेऊ नये.

५. बैठक

महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक तास. आधी गेल्या महिन्यातली बाकी उत्तरे वाचायची, मग नवे विषय. कोण काय करणार ते नावानिशी लिहायचे. वरचे नेते येणार म्हणून बैठक पुढे ढकलू नका. चहा आळीपाळीने ज्याच्या घरी असेल त्याचा.

६. पैसा

समित्या फुटतात त्या बहुधा पैशावरून, आणि रक्कम अगदी लहान असते. आमच्याकडे मंडपाच्या साडेतीन हजारांवरून दोन चुलतभाऊ वर्षभर बोलत नव्हते.

वर्गणी स्वतःच्या मोबाईलच्या खात्यावर कधीही घेऊ नका. पक्षाचे पावतीपुस्तक असेल तरच घ्या, आणि पैसे पक्षाच्या खात्यात भरा. एका माणसाकडून २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख पक्षाला घेता येत नाही, आणि २०,००० वरच्या देणगीदाराचे नाव पक्षाला निवडणूक आयोगाला कळवावे लागते. खर्चवही दोघांच्या सहीची. महिन्याच्या बैठकीत ती मोठ्याने वाचा, अगदी पंधरा रुपयांच्या झेरॉक्ससकट.

एखादा कंत्राटदार किंवा बिल्डर 'कार्यक्रमाचा खर्च माझ्याकडे लागला' म्हणेल. नम्रपणे नको म्हणा. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या डोंगरकापणीविरुद्ध वाड्यावरचे लोक तुमच्याकडे येतील, तेव्हा तुम्हाला त्यांच्या बाजूने उभे राहायचे आहे.

निवडणुकीत विधानसभेच्या उमेदवाराला गोव्यात २८ लाखांची मर्यादा आहे. खुर्ची, चहा, भाजी-पाव यांचेही दर प्रशासनाने ठरवलेले असतात आणि त्या दराने खर्च धरला जातो. निवडणुकीच्या काळात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देता येत नाही. तुमच्या बूथवरचा प्रत्येक खर्च त्याच संध्याकाळी उमेदवाराच्या हिशेबनीसाला कळवा.

७. ग्रामसभा आणि पंचायतीची निवडणूक

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, आणि तुमची खरी शाळा तिथेच. ग्रामसभा बहुधा रविवारी असते. समितीतल्या प्रत्येकाने तिला हजर राहावे, पण पक्षाचा गट म्हणून एका बाकावर बसू नये. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हा कान देऊन ऐका, कारण आपण मांडलेला ठराव तिथे वेगळ्याच शब्दांत लिहिलेला असू शकतो. तिथल्या तिथे उठून दुरुस्ती मागा. ओरडू नका. ज्या ग्रामसभेत आम्ही आरडाओरडा केला, त्या सभेतून आमच्या हाती काहीच आले नाही. ज्या सभेला आम्ही नळाच्या पाण्याच्या तारखा वहीतून वाचून दाखवल्या, त्या सभेनंतर पंधरा दिवसांत टाकीची दुरुस्ती झाली.

पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. जिल्हा पंचायतीची होते. हा फरक नव्या माणसाला कळत नाही, आणि समिती बुडते ती इथेच. प्रभागात मतदार काही शेच. एकाच समितीतले दोघे उभे राहतात, दोघेही म्हणतात पक्ष माझ्या मागे आहे. मग घरे वाटली जातात, देवळाच्या महाजनांत, मुंबईला असलेल्या भावांपर्यंत फूट जाते, आणि पुढची विधानसभा आली तरी ती सांधत नाही.

आम्ही एकदा हे भोगले. त्यानंतर ठरवून टाकले: अर्ज भरायच्या महिनाभर आधी प्रभागवार बैठक घ्यायची. कोण इच्छुक ते उघडपणे बोलायचे. एकमत झाले तर सगळे त्याच्या मागे. नाही झाले तर समिती म्हणून त्या प्रभागात कुणीच कुणासाठी फिरायचे नाही, वही बंद, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी दोघांनाही एकाच बैठकीला बोलवायचे. या बैठकीत माणसे रडलेली मी पाहिली आहेत. तरी ती घ्याच.

८. आचारसंहिता लागली की

- पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल तर ते वाटू नका.
- खासगी भिंतीवर किंवा कुंपणावर काही लावायचे तर मालकाची लेखी परवानगी. सरकारी मालमत्तेवर काहीही नाही.
- रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद.
- देऊळ, चर्च, मशीद यांच्या आवारात प्रचार नाही, धर्माच्या किंवा जातीच्या नावाने मत मागणे नाही.
- भजनी मंडळाला पेटी, पोरांना क्रिकेटचे सामान, यातले काहीही आता नाही.
- मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद.
- ८५ वर्षांवरच्या मतदारांना आणि दिव्यांगांना घरून मत देता येते, त्यासाठी नमुना १२-ड वेळेत भरावा लागतो. वहीतली अशी घरे निवडणूक जाहीर होण्याआधीच काढून ठेवा.

९. मतदानाचा दिवस

पोलिंग एजंट भांडखोर नको, शांत आणि डोळस हवा. त्याचे नेमणूकपत्र नमुना १० वर असते, उमेदवाराच्या किंवा निवडणूक प्रतिनिधीच्या सहीचे. आदल्या दिवशीच हातात द्या. एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, आत एका वेळी एकच.

मतदान सातला सुरू होणार असेल तर एजंट साडेपाचला केंद्रावर हवा, कारण मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, दीड तास आधी होतो. किमान पन्नास मते टाकून पाहतात, मग यंत्र रिकामे करतात आणि व्हीव्हीपॅटमधल्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढून घेतात. २०१७ मध्ये चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट वापरणारे गोवा हे पहिले राज्य होते, त्यामुळे आपल्या जुन्या कार्यकर्त्यांना हे सगळे पाठ आहे, त्यांच्याकडून शिकून घ्या. यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक कागदावर लिहून घ्यायचे. हे क्रमांक मोजणीच्या दिवशी लागतात.

एखाद्या मतदाराच्या ओळखीबद्दल खरीच शंका असेल तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. त्रास द्यायला तो वापरू नका, मागे रांग उभी असते. तुमच्या ओळखीच्या कुणी आत जाऊन पाहिले आणि आपल्या नावाने आधीच मत पडलेले निघाले, तर त्याला परत पाठवू नका. त्याला मतपत्रिकेवर प्रदत्त मत देण्याचा हक्क आहे. ते केंद्राध्यक्षांकडे मागून घ्या.

बाहेरचे टेबल पूर्वी केंद्रापासून दोनशे मीटरच्या पलीकडे लावावे लागे, २०२५ पासून शंभर मीटरच्या पलीकडे चालते. शंभर मीटरच्या आत मत मागणे गुन्हा. मतदारांना द्यायच्या चिठ्ठ्या पांढऱ्या कागदावर, त्यावर पक्षाचे नाव किंवा चिन्ह नको. टेबलावर वाड्याची वही असू द्या. अकरा वाजता, दोन वाजता आणि चार वाजता कोणती घरे यायची राहिली ते पाहून त्या वाड्याच्या माणसाला फोन करायचा. 'मत द्यायला या' एवढेच सांगायचे. घर आपले की परके हे बघू नका. ज्या घरात वर्षभर गेलात त्या घराला हा फोन परका वाटत नाही.

मतदान संपल्यावर एजंटने नमुना १७-सी ची साक्षांकित प्रत घेतल्याशिवाय केंद्र सोडायचे नाही. एकूण किती मते पडली ते त्यात असते. दिवसभर बसून दमलेला माणूस 'उद्या घेतो' म्हणतो, आणि उद्या काही मिळत नाही. एका निवडणुकीत आमच्या दोन केंद्रांच्या प्रती अशाच राहिल्या, आणि मोजणीच्या टेबलावर आमच्या प्रतिनिधीकडे ताडून बघायला काहीच नव्हते.

१०. निकालानंतरचा आठवडा

सतरा-सी च्या प्रती, यंत्रांचे क्रमांक, यादी आणि वही एका फाईलीत बांधून ठेवा, आणि फाईल कुणाकडे आहे ते बैठकीत लिहून घ्या. कुठल्या वाड्याने मते दिली नाहीत याचा शोध घ्यायला बसू नका. बॅनर-झेंडे दोन दिवसांत स्वतः उतरवा. खर्चाचा हिशेब उमेदवाराला निकालापासून ३० दिवसांत सादर करायचा असतो, त्याला लागणाऱ्या पावत्या आठवड्यात पोचवा.

मग वही उघडा आणि बाकी राहिलेली उत्तरे मोजा. २०२२ च्या १० मार्चला निकाल लागला तेव्हा आमचा उमेदवार पडला होता, आणि वहीत चौदा घरांची उत्तरे द्यायची राहिली होती. अकरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघे पहिल्या घरी गेलो. गृह आधारचा अर्ज कुठल्या कारणाने परत आला होता ते विचारून ठेवले होते, आणि कोणता कागद पुन्हा जोडायचा तो कागद बरोबर नेला होता.